पाय आधी

"मूल रांगायला लागलं की घराला पाय फुटतात. जिन्याला फाटक बसवून घे," असं खालच्या मजल्यावरच्या बाईंनी बजावलं होतं. तेव्हा वरच्या मजल्यावरची ती तरुण आई हसून म्हणाली होती, "दार बंदच असतं हो, बाई."

आज दोन्ही हातांत धुण्याची बादली होती, म्हणून तिने दार टाचेने लोटलं. लॅच लागलंच नाही.

मागच्या गॅलरीत चादर झटकता झटकता तिने वळून पाहिलं. सतरंजीवर नुसते ठोकळे. दार हातभर उघडं. आणि दारापलीकडे, सगळ्यात वरच्या पायरीच्या काठावर, तिची सव्वा वर्षाची लेक. डोकं पुढे, एक तळवा खालच्या पायरीकडे लांबवलेला. चालण्याचा आळस आणि रांगण्यात पटाईत अशी ही पोर. एका जागी म्हणून ठरायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत.

या आईला भीती तरी कशाकशाची वाटत नसे? तापाची, बटणांची, वाटाण्यांची, शेजारच्या मांजराचीसुद्धा. झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून बघायची. जिना तेवढा राहून गेला होता.

तिने किंचाळायला तोंड उघडलं, तोच खालून एक हात वर झाला. थांब.

जिना सरळसोट, खालून वरचं घर आरपार दिसे. पायथ्याशी, आपल्या दारात, बाई उभ्या होत्या. त्यांचे गुडघे कधीच कामातून गेलेले. एकेक पायरी चढायची तरी कठड्याला धरून, श्वास घेत. धावत वर येणं त्यांच्याच्याने होणारं नव्हतं. आणि आई ओरडली तर पोर दचकणार, धावली तर खेळ समजून पुढे सुटणार, हेही त्यांना कळत होतं.

त्यांनी शाळेत शिकवतानाचा, वर्गातला आवाज काढला. चढा नाही, लाडिकही नाही.

"टर्न अराउंड."

नोकरीच्या मुलाखतीसाठी भिंगरीची आई बाईंकडे इंग्रजी बोलायला शिकत होती. पदवी होती, मार्कही बरे होते, पण बोलायला लागली की साध्या ‘गो इन’, ‘गो डाउन’ऐवजी ‘एंटर’ आणि ‘डिसेंड’. बाई कपाळाला हात लावायच्या. "हे लिफ्टवरच्या पाटीचं इंग्रजी, बाळा. माणसं असं बोलत नाहीत. आपण म्हणतो ‘सरपटत खाली आली’, आपलं येणं शेवटी येतं. इंग्रजीत ‘क्रॉल’, म्हणजे सरपटणं, आधी, आणि ‘कुठे’ ते मागे शेपटीसारखं. अप, डाउन, अंडर, ओव्हर. शेपटी विसरलीस की माणूस जागच्या जागी सरपटत बसेल!" आणि त्यांची एक अट असे: जे तोंडाने म्हणायचं, ते आधी अंगाने करायचं. म्हणून टेबलाखालून ‘क्रॉल अंडर’, उशांच्या ढिगावरून ‘क्लाइंब ओव्हर’. आणि याच जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर, पाठमोरं, पोटावर, पाय आधी, ‘टर्न अराउंड’ आणि ‘क्लाइंब डाउन’. चांगल्या मोठ्या माणसाने! ती लाजेने अर्धी व्हायची. पोरीला सांभाळायला दुसरं कुणी नसायचं, म्हणून भिंगरीही शेजारी असायची, आणि आईची नक्कल करत खिदळायची.

भिंगरीने आवाज ओळखला. पुढचा हात मागे घेतला. मग सावकाश, सगळ्या जगाला वेळच वेळ असल्यासारखं, बुड फिरवून ती पाठमोरी झाली.

"शाब्बास. नाउ, क्लाइंब डाउन."

एक गुबगुबीत पाय हवेत चाचपडला. पायरी सापडली. मग पोट घसरलं. मग दुसरा पाय.

"डाउन," बाई म्हणाल्या. "डाउन."

वर, पाऊल न वाजवता दारापर्यंत आलेल्या आईने ओली चादर दातांत धरली होती. बाईंचा हात अजून वरच होता.

मध्यावर भिंगरीला आई दिसली. ती खुदकन हसली, आणि टाळी वाजवायला तिने पायरी सोडली.

"होल्ड ऑन!" बाईंचा आवाज पहिल्यांदाच कापला.

हात पुन्हा पायरीला चिकटला.

उरलेल्या पायऱ्या भिंगरीने ऐटीत उतरल्या. डॉक्टरांनी खाली बसायला सक्त मनाई केली होती, तरी बाई फतकल मारून बसल्या आणि पोर त्यांच्या कुशीत आली.

आईला मात्र जिना उतरता येईना. ती पायरीपायरीवर बसत, घसरत खाली आली.

"लेक बघ कशी शिस्तीत उतरली," बाई म्हणाल्या, "आणि तू ही अशी, बटाट्याच्या पोत्यासारखी."

ती हसायला गेली आणि हुंदकाच फुटला. आभार मानायला तिच्याकडे आता दोन भाषा होत्या. दोन्ही ऐन वेळी रुसल्या. तिने बाईंच्या मांडीवर, पोरीच्या शेजारी, डोकं टेकलं. बाईंनी एक हात लेकीच्या पाठीवर ठेवला, एक आईच्या.

"रडून झालं की मला उठव हं," बाई म्हणाल्या. "बसायचं काम मी केलं. उठवायचं तुझ्याकडे."

आता ती लेकीला घेऊन दुसऱ्या गावी असते. नोकरी लागली, तीही बाईंच्या कृपेने. आठवड्याला फोन करते. "मला काय धाड भरलीय!" असं बाई खणखणीत आवाजात सांगतात. पण फोन उचलायला हल्ली त्यांना फार वेळ लागतो, हे तिने हेरलंय. म्हणून बाईंच्या गावाकडे जाणाऱ्या प्रत्येकाला ती गळ घालते, तशी तुम्हालाही घालतेय:

"दुमजली घर, खालचं दार. बेल वाजवा आणि थांबा, लगेच उघडणार नाही. दारातूनच ठणठणीत असल्याचं सांगतील. आवाजावर जाऊ नका. आत जा, जरा वेळ बसा. खुर्चीतून एकट्या उठतात का, तेवढं बघून या."