अंगठा उठेना

"आजोबा, परत लावा," प्रांजल म्हणाली. सेवा केंद्रातली ही पोरगी तशी सोशिक, पण चौथ्या खेपेला तिचाही आवाज चढला.

अर्जुनातात्यांनी तळहातावरची चुना-तंबाखू मळायची थांबवली आणि तोच अंगठा यंत्रावर टेकवला. पुन्हा लाल दिवा.

सूरजनं कपाळ धरलं. हयातीचा दाखला चढवायचा आज शेवटचा दिवस. नाही चढला तर बापाची पेन्शन बंद. एवढ्यासाठी तो सलग तिसऱ्या शनिवारी रजा टाकून पुण्याहून कुपवाडला आला होता. आई गेल्यापासून दिवाळीला तोंड दाखवलं तरी खूप, अशी त्याची गत. आणि आता रजेचं नाव काढलं की साहेब डोळे वटारायचा.

"तीस वर्सं लेथवर लोखंड घासलंय," तात्या शांतपणे म्हणाले. "रेघा ऱ्हाईल्यात कुटं?"

प्रांजलनं मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरला. "चेहऱ्यावर करू. डोळे मिचकवा."

तात्या फोटो काढायला बसल्यासारखे टक लावून बघत राहिले.

"आवं तात्या, मिचकवा की!" सूरज ओरडला.

"मिचकवतोय न्हवं!"

मोबाईलनं वाट पाहून नाद सोडला. सूरजचं डोकं भणाणलं. जित्या माणसाला जिता असल्याचं पटवता येऊ नये, म्हणजे काय म्हणावं!

"पेन्शन थांबेल," प्रांजल म्हणाली. "दाखला दिला की परत सुरू होईल. पुढच्या शनिवारी बघू."

"म्हंजे पोराला परत याय लागंल व्हय?" तात्यांनी विचारलं. मग सूरजकडं वळून म्हणाले, "मी म्होरं हुतो. वांग्याचं कालवण करतो. जेवल्याबिगर जाऊ नगंस."

ते काठी टेकत गेले. सूरज तिथंच चरफडत उभा राहिला. मग त्याच्या डोक्यात आलं, अंगठाच उठत नाही म्हणजे रेशनचंही अडलं असणार. म्हातारा खातोय तरी काय? तो तडक आकारामच्या रेशन दुकानात गेला.

"आकारामकाका, तात्यांचं धान्य माझ्या अंगठ्यावर द्या. त्यांचा उठत न्हाई."

आकारामनं चष्मा वर सरकवला.

"त्यो तर कालच घिऊन गेला की. पोरगं दर शनवारी जेवाय येतंय, तांदूळ पुरंना म्हनत हुता. आन् अंगठ्याचं काय घिऊन बसलास, सूरज? पैल्या टेकनीलाच उठला."