पालकांची सही

“वडील किती वर्षांपासून पितात?” शिष्यवृत्तीसाठी घर बघायला आलेल्या मॅडमनी माझा निबंध चाळत विचारलं.

‘माझा संघर्ष’ या विषयावर लिहायला माझ्याकडे काहीच नव्हतं. रडगाणं असल्याशिवाय निवड होत नाही, असं कॉलेजातल्या मुली म्हणाल्या आणि मी बाबांना दारुडं करून टाकलं. माळकरी माणूस, आयुष्यात थेंबाला शिवला नाही. फॉर्मवर पालकांची सही करताना त्यांनी निबंध शेवटपर्यंत वाचला होता. आता थोबाडीत बसणार, असं मला वाटलं. त्यांनी चष्मा पुसला आणि सही केली.

आताही ते मान खाली घालून म्हणाले, “झाली दहा-बारा वर्षं. सोडायचं बघतोय. पण पोरगी हुशार आहे हो, मॅडम.”

मॅडमनी कागदावर बरोबरची खूण केली आणि त्या गेल्या. दार लावून मी बाबांसमोर उभी राहिले. तेवढ्यात दिसलं, त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ नव्हती.

“सकाळीच काढून ठेवली,” ते म्हणाले. “माळ घालून खोटं बोलवत नाही गं.”