पहिला नंबर

माळावर विमानतळाची नुसती पाटी उभी होती, पण पार्किंगची नियमावली छापून तयार! साहेब ती ऑटोवाल्यांना वाचून दाखवत होते. "ऑटो रांगेतच लागेल. तीन मिनिटांच्या वर उभा दिसला तर परवाना जप्त. आजपासून लागू."

नागभीड स्टेशनवर वीस वर्षं शेवटचाच नंबर लागलेल्या रईसने विचारलं, "अन् विमान कधी येते, साहेब?"

"त्याची फाइल वर गेली आहे."

रईसने डावी चप्पल काढली आणि रेशनच्या रांगेत ठेवतात तशी, ऑटोच्या रांगेसाठी आखलेल्या चुन्याच्या पट्ट्यावर मांडली. "ऑटो नाई, चप्पल उभी करून राह्यलो. पहिला नंबर माहा! विमान आलं का आवाज द्या."

पाहता पाहता मागे अकरा चपला लागल्या. सगळ्यात शेवटी साहेबांच्याच ड्रायव्हरचा पॉलिश केलेला बूट होता.