गोव्याचे पाहुणे

“नीट धर गं, निऱ्या सुटून राह्यल्या,” कौसल्या म्हणाली. मायलेकी दोघी मिळून एका मोरपंखी साडीशी झटत होत्या.

“पाहुणे स्टेशनवर उतरले बी असतील,” आकांक्षा म्हणाली. बदनापूरच्या स्टेशनपासून त्यांचं घर चालत दहा मिनिटांवर.

“उतरू दे. सगळं तुझ्या मामावर हाय. त्याला न्हाई पटलं, तर चहा-चिवडा देऊ अन् रामराम करू.”

 आकांक्षाचे बाबा गेले त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून या घरात शेवटचा शब्द साहेबरावमामाचा. तो शहागडहून मोटरसायकलवर सकाळीच आला होता आणि आल्यापासून त्याचं एकच पालुपद चाललं होतं. “गोवा म्हंजे फिरंग्यांचा मुलूख. नुसती वाळू अन् दारू. तिथं आपल्या घरचं माणूस द्यायचं?”

जुळवाजुळव सगळी आकांक्षा आणि नितेश केरकरची. दोघं पुण्यात एकाच ऑफिसात. मे महिन्यात ती आईला घेऊन फोंड्याला त्याच्या घरी चार दिवस राहून आली. नितेशचे वडील इतिहास-भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी देवळं दाखवली, किल्ले दाखवले, होडीत बसवून खाडी दाखवली. तेव्हापासून कौसल्या भाकरी थापता थापता शेजारणींना मांडवी आणि जुवारी नद्यांबद्दल सांगू लागली होती. पण एवढ्यानं मामा ऐकणार थोडाच?

पाहुणे आले. केरकर सर किडकिडीत, पांढऱ्या शर्टातले. नितेशच्या हातात काजूचा डबा. कौसल्या पडद्याआड गेली, चहाचं आधण चढलं.

“घरी कोण कोण असतं?” मामानं सरळ सरांवरच रोख धरला.

“मी एकटाच. हा पुण्याला असतो. बायको जाऊन दहा वर्षं झाली. भात-आमटी करता येते मला.”

“अन् मासे?”

“खातो. पण वांग्याचं भरीतही चालतं.”

“चालतं काय म्हणता? आमच्या जालन्याचं वांगं खाऊन तर बघा,” मामा म्हणाला. पण हसला नाही. “एक सांगा सर. तुमच्याकडं समुद्र सोडला, तर हाय काय?”

आकांक्षानं डोळे मिटले. आता सगळं फिसकटणार.

सरांनी मात्र मामाचीच ताटली पुढं ओढली. सगळा चिवडा बोटानं एका कडेला सारून ढीग केला. “हा पूर्वेला सह्याद्री. इकडं पश्चिमेला समुद्र. मधून या दोन नद्या.” दोन बोटं फिरली. “किनाऱ्यालगत तिसवाडी, बारदेस, साष्टी. एवढंच पोर्तुगीजांनी आधी घेतलं. ती जुनी काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेला मुलूख. आमचं फोंडं, सत्तरी हा डोंगराकडचा भाग त्यांना मिळायला पुढं अडीचशे वर्षं लागली. ती नवी काबिजादी. आमच्या घरापासून वाळू बघायची तर बसनं जावं लागतं.”

मामा ताटलीवर वाकला.

“म्हंजे तुम्ही डोंगरातले.”

“डोंगरातले. आणि सुटलोही उशिरा. देश स्वतंत्र झाला, तरी आम्ही चौदा वर्षं तसेच. एकसष्ट साल उजाडलं.”

मामा एकदम पुढं सरकला. “आमचं बी तेच की हो. दिल्लीत झेंडा लागला अन् आम्ही निजामाच्या तावडीत. तेरा महिने. आमचा आजा सांगायचा, शहागडच्या घाटावर रझाकार बसलेले असायचे.”

“मग आपण दोघंही मागून आलेले,” सर म्हणाले.

पडद्याआडून कौसल्याचा आवाज आला. “उशिरा का व्हईना, सुटले ना दोन्ही मुलुख.”

 मामानं ताटली ओढून घेतली आणि सह्याद्रीचा मोठा घास तोंडात टाकला.

“तुमचं फोंडं खाल्लं बरं का सर मी,” तो म्हणाला आणि खदाखदा हसत सुटला. सरही हसले. नितेशनं दाबून धरलेला श्वास सोडला.

आकांक्षानं चहा आणून ठेवला. 

“बस झालं,” मामा म्हणाला. “मला बिलकुल पसंत हाय. आकांक्षे, देवापुढचं कुंकू आण.”

ती धावतच गेली. करंडा घेऊन आली, तर नितेश तिच्याकडं बघून गालात हसत होता. मामानं तिच्या हातून करंडा घेतला, केरकर सरांच्या हातात ठेवला आणि पडद्याकडं तोंड करून हाक मारली.

“कौसा, ये की बाहेर. तुझ्या नवरदेवाचा चहा गार होऊन राह्यला.”