गिटार द्यायच्या आधी

टुणकन आवाज झाला आणि गिटारची तार अडकवायची पांढरी पिन उडून थेट कपाटाखाली गेली.

“अरे ठोंब्या, डोळा फुटला असता!” ताई हातातला झारा तसाच घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली.

धाकटा भाऊ सतरंजीवर फतकल मारून बसला होता. मांडीवर ताईची गिटार, भोवती नव्या तारांची वेटोळी. गिटार आज संध्याकाळी घरातून जायची होती. भावाचं पंख्यांच्या मोटारी वाइंड करायचं, म्हणजे त्यांना तांब्याची तार गुंडाळून द्यायचं दुकान होतं. दुकानाशेजारच्या सुताराच्या मुलीला गिटार शिकायची आहे, तो सुतारच येऊन घेऊन जाईल, असं भावानं सांगितलं होतं. देऊन टाकायचं मात्र ताईनंच ठरवलं होतं. भाऊ एवढंच म्हणाला, “गंजक्या तारांसकट कशी द्यायची? द्यायची तर धड द्यावी.” आणि तारा घेऊन आला.

जिन्यावरून पडून ताईचं डावं मनगट मोडलं, त्याला आता बरेच महिने झाले होते. प्लास्टर निघालं. हात बरा झाला, असं डॉक्टरांनी ठासून सांगितलं. त्याच हातानं ताई चादरी पिळायची, भरलेली बादली उचलायची. पण प्लास्टर निघालं त्या दिवशी तिनं गिटारची तार दाबून पाहिली होती, आणि थडथड असा मेलेला आवाज आला होता. गल्लीतल्या निम्म्या पोरांना गिटार शिकवलेली ही बाई त्या आवाजाला घाबरली. पुन्हा दाबली आणि पुन्हा तसाच आवाज आला, तर मग आशेलाही जागा उरणार नव्हती. त्यापेक्षा गिटार डोळ्यांसमोर नकोच.

“पिन नुसती खोचून भागत नाही,” ती उभ्याउभ्याच म्हणाली. “तारेच्या टोकाला मणी असतो ना, तो आत अडकायला हवा. पिन दाबायची आणि तार वर ओढायची. हां, ओढ. ओढ रे, लाजतोस काय!”

भावानं ओढली. पिन पुन्हा वर आली.

ताईनं झारा खाली ठेवला, सतरंजीवर बसली आणि तार स्वतः अडकवून दाखवली. मग खुंटीकडे पाहून तिनं कपाळावर हात मारला. तार बाहेरच्या बाजूनं उलटी गुंडाळली होती, वर वेढ्यावर वेढा चढला होता, गोधडीच्या दोऱ्यासारखा.

“मोटारीतही असंच गुंडाळतोस का? तरीच लोकांचे पंखे उलटे फिरतात!”

“तांब्याची तार गरीब असते गं. ही लेकाची अंगावर येते.”

“तार नाही, तुझा आळस अंगावर येतोय. सोड ती.”

तिनं तार सोडवली, आतल्या बाजूनं घेतली, वेढ्याखाली वेढा नीट बसवला. दुसऱ्या तारेची गत तीच. तिसरी त्यानं चौथीच्या जागी लावून ठेवली होती. एक तर इतकी आखूड कापली होती की खुंटीवर जेमतेम अर्धा वेढा बसला. नशीब, जादा तार आणली होती. ताई बडबडत होती, भाऊ मान खाली घालून शिव्या खात होता, आणि गॅसवरची भाजी करपत होती.

सहाही तारा चढल्या. आता सूर लावायचा. जाड तार पाचव्या पट्टीपाशी दाबायची आणि शेजारच्या मोकळ्या तारेचा सूर तिच्याशी जुळवायचा, हे ताईनं इतक्या पोरांकडून घोटून घेतलं होतं की तिचा हात विचारायला थांबलाच नाही. दाबली, छेडली, खुंटी पिळली. पुढची. त्याच्या पुढची.

मग ताईचं लक्ष आपल्या डाव्या हाताकडे गेलं. बोट तारेवर होतं आणि सूर खणखणीत वाजत होता.

तिनं श्वास रोखून सगळी बोटं ठेवली आणि उजवा हात फिरवला. पहिल्यांदा एक तार थडथडली. तिनं बोट जरासं सरकवलं. मग सहाही तारा एकदम वाजल्या आणि खोली भरून गेली. ताई हसायला लागली. वाजवता वाजवता हसत राहिली, चुकली तरी हसली. बोटांची टोकं चरचरत होती आणि तिला त्या चरचरण्याचाही आनंद झाला.

बाहेर दिवे लागले तेव्हा ती दचकली. गिटार तिनं पोटाशी धरली.

“अरे, त्या सुताराला फोन कर! आत्ताच्या आत्ता! म्हणावं, गिटार द्यायची नाही. मुलीला पाठव म्हणावं, मी शिकवते. फुकट शिकवते!”

तारांचे तुकडे वेचता वेचता भावानं मान वर केली. “दुकानाशेजारी कुठला आलाय सुतार, ताई? आता एक शोधावा लागेल, आणि तोही मुलगीवाला.”