फेरतपासणी

"शांत आहे की मुलगी," टेबलामागच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

सलूनवाल्याला नेमकं हेच ऐकायचं नव्हतं.

साळू खरंच शांत होती. अकरा वर्षांची पोर. खोलीत आल्या आल्या तिने कोपऱ्यातलं लोखंडी कपाट गाठलं होतं आणि त्याच्या थंड पत्र्याला गाल लावून ती एकाच सुरात गुणगुणत होती. या गुणगुणण्यामुळेच ती आधी साळुंकी आणि मग साळू झाली. एरवी असा दिवस उगवला असता तर बापाने देवाला हात जोडले असते.

"गेल्या वेळच्या कागदावर आहे, स्वतःला चावते, डोकं आपटते, कपडे काढून टाकते," बाई वाचत होत्या. "हे सगळं अजून होतं?"

"कमी झालंय, मॅडम. दुपारच्या ताई येतात ना, तुमच्याच खात्याने दिलेल्या. त्यांनी लळा लावला, म्हणून."

"म्हणजे सुधारणा आहे."

"ताई आहेत म्हणून आहे."

"असं लिहायला रकाना नाही हो." बाईंच्या आवाजात खवटपणा नव्हता, उलट थोडी कीवच होती. "सुधारणा आहे, नाहीतर नाही. आहे म्हटलं की मदतनीस बंद. बाहेर किती जण ताटकळलेत, बघितलंत ना? ज्यांचं अगदीच अडलंय, त्यांना आधी द्यावी लागते."

"आमचं अडलेलंच आहे, मॅडम. घरात आम्ही दोघंच. मागे ताई रजेवर गेल्या, तेव्हा मी हिला दुकानात नेऊन बघितलं. मशीन सुरू झालं की ही रस्त्यावर पळायची. शेवटी एक दिवस घरात कोंडून गेलो. अर्धा तास. एवढी एक दाढी उरकून येतो म्हटलं." त्याने कपाटापाशी जाऊन साळूची बाही हलकेच वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत दातांच्या खुणा होत्या.

बाईंनी जागेवरूनच वाकून पाहिलं. "जुन्या आहेत. मला आज समोर दिसतंय तेच लिहावं लागतं."

बाही खाली करून तो टेबलापाशी परतला. बाईंनी कागद उलटला, त्याचा धंदा वाचला आणि वातावरण जरा सैल करावं म्हणून हसल्या. "सलून आहे होय तुमचं? मग लेकीचे केस असे उंदराने कुरतडल्यासारखे का?"

दुसरं कुणी विचारलं असतं तर तोही हसला असता. साऱ्या वस्तीची डोकी त्याच्या हाताखालून जायची, घरातल्या एका डोक्याला मात्र हात लावायची सोय नव्हती. साळू रात्री झोपली की तो पाय न वाजवता जायचा, एक बट कापायचा आणि चोरासारखा बाहेर पडायचा. जागेपणी तिच्या केसांना कंगवा लागून सात वर्षं झाली होती. त्या वेळी ती इतकी किंचाळली होती, की त्याने तिच्यापुढे गुडघे टेकून सांगितलं होतं, "नाही लावणार. बाबा पुन्हा कधीच नाही लावणार." तिला बोललेलं किती कळतं, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. पण एवढं तिला कळलं होतं.

बाईंचं पेन खाली आलं.

"एक मिनिट, मॅडम."

दुकानातून तो तसाच धावत घरी जाऊन साळूला घेऊन आला होता. कंगवा शर्टाच्या खिशातच होता. तो त्याने मुठीत घेतला आणि हात पाठीमागे नेला.

"साळू."

बापाचा आवाज ऐकून ती वळली. कपाट सोडून चार पावलं चालत आली आणि तिने कपाळ त्याच्या छातीला टेकवलं. असं ती वर्षातून दोन-तीनदाच करायची.

त्याने डोळे मिटले आणि कंगवा तिच्या केसांतून खाली ओढला.

तिचा आवाज आधी फुटलाच नाही. मग फुटला तो खिडकीच्या काचा थरथरतील असा. ती कपाटाकडे पळाली, तिथेच जमिनीवर पडली, तिने दंडाला दात लावले, आणि तिचं डोकं कपाटावर आदळायच्या आत त्याने स्वतःचा हात मध्ये घातला. एकदा, दोनदा, पुन्हा. त्याची बोटं पत्र्यावर चेचत होती आणि तो सारखा म्हणत होता, "झालं, साळू, झालं, झालं." बाई खुर्ची मागे पाडून उभ्या राहिल्या होत्या.

"पुरे! आवरा तिला!" त्यांनी उभ्या उभ्याच कागदावर 'सुधारणा नाही'पुढे खूण केली, शिक्का मारला. "दोन वर्षांसाठी लिहिलंय. हे आधी नाही का सांगायचं?"

बऱ्याच वेळाने ते दोघं बाहेर आले. साळू गुणगुणत नव्हती. दोन्ही हातांनी डोकं झाकून ती समोरच्या भिंतीला चिकटून चालत होती. त्याने हात पुढे केला तशी ती आणखी भिंतीत शिरली.

दाराशी बाकावर एक बाई बसली होती. तिच्या पायाशी तिचा लहानगा बाटल्यांची झाकणं एका रेषेत मांडण्यात गढला होता. आतलं सगळं तिने ऐकलं असावं. सलूनवाल्याच्या सुजलेल्या बोटांकडे बघत तिने हळूच विचारलं, "दादा, मिळाली का मदतनीस?"

"मिळाली."

आतून तिच्या मुलाचा नंबर पुकारला. बाई उठली नाही. क्षणभर ती मुलाकडे बघत राहिली. मग खाली वाकून तिने रांगेतलं मधलं एक झाकण उचललं आणि पर्समध्ये टाकलं.