थोरलीचं डोकं

पार्लरच्या खुर्चीत गळ्याभोवती कापड गुंडाळून थोरली जाऊ बसली होती. मागे कात्री-कंगवा घेऊन उभी असलेली धाकटी, मालकीण नोकरीसाठी चाचणी घ्यायला येईपर्यंत इंग्रजी घोकत होती.

"स्किल्ड म्हणजे हातात कसब असलेली. ट्रेन्ड म्हणजे कुणीतरी शिकवून तयार केलेली. टॅलेंटेड म्हणजे मुळातच अंगात असलेलं. आणि गिफ्टेड म्हणजे थेट देवाची देणगी."

"मग तू काय सांगणार?" थोरलीने आरशातूनच विचारलं.

"गिफ्टेड. तुमच्या लेकीनेच सुचवलंय, ताई. म्हणाली, काकू, हाच शब्द सगळ्यात वजनदार. शिवाय ट्रेन्ड म्हटलं की सर्टिफिकेट मागतील. ते कुठून आणू?"

थोरली नुसतं "हं" म्हणाली. देवाची देणगी म्हणे! कात्री कशी धरायची ते दाखवलं थोरलीने, सरावाला डोकंही दिलं थोरलीनेच. एक बाजू कानापर्यंत आणि दुसरी खांद्यावर, अशा अवतारात ती लेकीच्या शाळेतसुद्धा जाऊन आली होती. धाकटी रडकुंडीला आली की थोरलीच म्हणायची, "केसच ते, उगवतात." आता श्रेय मात्र देवाला. तिला वाईट वाटलं. पण धाकटीला ही नोकरी किती हवी आहे हेही तिला ठाऊक होतं, म्हणून तिने तो घोट गिळला.

मालकीण आली. हाताची घडी घालून बाजूला उभी राहिली आणि धाकटीला म्हणाली, "करा सुरू."

धाकटीची कात्री चालू लागली. थोरली नेहमीसारखीच ताठ बसली. कात्री कानाला लागली तेव्हाही हे डोकं कधी हललं नव्हतं.

"हात चांगला आहे," मालकीण म्हणाली. "उपजत टॅलेंट, की ट्रेन्ड आहात?"

थोरलीने डोळे मिटून घेतले. मागे कात्री क्षणभर थांबली.

"ट्रेन्ड," धाकटी म्हणाली.

"अस्सं. सर्टिफिकेट?"

"हे काय, खुर्चीत बसलंय."

थोरली गर्रकन मागे वळली, आणि तेवढ्यात कात्री मिटली. उजव्या कानामागची बट चांगली दोन बोटं आखूड झाली आणि कापलेले केस खाली पडले.

तिघीही त्या बटेकडे बघत राहिल्या. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. मालकिणीने आधी थोरलीकडे पाहिलं, मग धाकटीकडे.

"एवढं सावरून दाखवा," ती म्हणाली. "मग सोमवारपासून किती वाजता यायचं ते सांगते."

धाकटीने कात्री उचलली आणि परत खाली घेतली. थोरलीने कापड नीट केलं, मान पुन्हा ताठ केली आणि आरशातल्या धाकटीला म्हणाली, "चालव गं बिनधास्त. केसच ते."